बिनकुलपाच्या सायकली

चाचांच्या दुकानात कुलूप नावाची वस्तूच नव्हती. सायकलींना नव्हतं, हत्यारांच्या पेटीला नव्हतं, आणि दुकानाला दार म्हणून जे दोन पत्रे होते तेही संध्याकाळी जुन्या तारेनं एकमेकांना नुसते गुंडाळलेले असत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चोरासाठी कुलूप कोण लावतंय? चोर तर तोडतोच. कुलूप लावतेत शेजाऱ्यासाठी. आन माझे शेजारी लई चांगले हायत." चाचांचे शेजारी म्हणजे एका बाजूला डाळमिलच्या भुशाचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट. पण त्यांच्याशी वाद घालायला गेलेला माणूस तासाभरानं त्यांचीच सायकल चालवत परत यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांचं नाव मी सांगत नाही. अख्खं लातूर त्यांना सायकलवाले चाचा म्हणायचं, तेच पुरे. माझ्या ऑफिसचंही नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझ्याच गल्लीत पेन्शन खाऊन फिरायला जातात.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून टेबलं आली, कपाटं आली, साहेब आले, साहेबांच्या घंटा आल्या. ऑफिसं मात्र मिळेल त्या इमारतीत पांगलेली: एक गोदामात, एक शाळेच्या मागं, एक कुणाच्या तरी बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. रिक्षा रोज परवडायची नाही. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिला आणि आसपासच्या खेड्यांतली निम्मी माणसं कामाला आणि पाण्याला गावात आली. जिल्हा झाल्याचे पेढे वाटून झाले होते, प्यायला पाणी नव्हतं.

मी लोह्याकडची. वडील शाळेत शिपाई, आई रोजानं शेतात जाणारी, आणि आमच्या घरात सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली. आईला घेऊन लातूरला आले. खोली मिळाली ती आमच्या लोकांच्या वस्तीत, गावाच्या पार एका टोकाला; ऑफिस दुसऱ्या टोकाला. रोज तासभर चालायचं. पोचेपर्यंत साडीच्या निऱ्या धुळीनं लाल, मस्टरवर लाल रेघ, आणि डोक्यावर प्रोबेशनचं वर्ष. या वर्षात काही चुकलं की घरी पाठवतात, हे पहिल्याच दिवशी चौघांनी चार वेळा सांगितलं होतं.

म्हणून एका संध्याकाळी मी चाचांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. एका सायकलचं मागचं चाक उचललं, फिरवलं, आणि कान लावून ऐकत बसले. चाक थांबेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. गिऱ्हाइकाची विचारपूस नंतर, आधी सायकलची.

"चालवता येती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"उतरता येतं का?"

"चालवताच येत नाही तर उतरणार कुठून?"

"तितंच समदे चुकतेत बेटी. आधी उतरणं शिकायचं. ज्याला उतरता येतं त्याला पडायची फिकर न्हाई."

आणि खरंच, स्टँडवर लावलेल्या सायकलीवरून त्यांनी मला तीन दिवस नुसतं उतरायला लावलं. चढ, उतर. चढ, उतर. डाळमिलचे हमाल पोती टाकून बघायला यायचे. बायकांची सायकल त्यांच्याकडं नव्हती, म्हणून त्यांनी माझ्यासाठी एका सायकलची आडवी दांडी कापली आणि खाली वाकडा पाइप वेल्डिंग करून घेतला. ती चालवणं म्हणजे म्हैस हाकणं होतं. चौथ्या दिवशी कॅरिअर धरून ते मागं पळाले, मध्येच हात सोडला, आणि मी सरळ भुशाच्या ढिगात. बाहेर आले तेव्हा केसांत तुरीचा भुसा होता आणि चाचा हमालांना मोठ्या अभिमानानं सांगत होते, "देखा? पडली न्हाई. उतरली."

आता त्यांची खरी तऱ्हा सांगते. तासावर सायकल देणारी दुकानं तेव्हा गावोगाव होती. नाव लिहायचं, सायकल न्यायची, तासात आणून लावायची, उशीर झाला की भांडण. चाचांना हे पटत नव्हतं. "हापिसाला गेलेला मानूस आठ घंटे हापिसात. सायकल बी आठ घंटे भिताडाला. मग सायकल नोकरी करती का?" म्हणून त्यांनी गावात चार जागा ठरवल्या: एसटी स्टँड, गंज म्हणजे धान्याचा बाजार, दवाखाना आणि आमच्या ऑफिसचं आवार. तिथं झाडाखाली चुन्यानं गोल काढले. कुठल्याही गोलातली सायकल घ्यायची, कुठल्याही गोलात सोडायची. महिन्याचं भाडं जमेल तेव्हा दुकानात द्यायचं. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. अट एकच: एकदा दुकानात येऊन उतरून दाखवायचं.

गाव आधी हसलं. सहा महिन्यांत गाव सायकलीवर होतं. तोवर सायकल ही आमच्याकडं लग्नात मिळायची चीज होती. घड्याळ, रेडिओ, सायकल. ती पुसून ठेवायची, पावसात काढायची नाही, भावालाही द्यायची नाही. चाचांच्या सायकलींना असली इज्जत नव्हती, म्हणून त्या चालल्या. माझी पुण्याची भाची हल्ली इमारतीखालच्या स्टँडवर जाते, सायकलीपुढं मोबाईल धरते, टक्कन कुलूप उघडतं, मेट्रोपाशी सोडून देते. "मावशी, ही नवी पद्धत," असं मला समजावून सांगते. तिची स्वतःची महागडी सायकल तीन वर्षं पार्किंगमध्ये गंजत होती. ही सगळ्यांची आली तेव्हा बाईसाहेब रोज चालवायला लागल्या. मी ऐकून घेते. फक्त त्या मोबाईलला उतरून दाखवावं लागत नाही, एवढंच मला खटकतं.

चाचा कुणालाही नावानं ओळखत नसत, चालवण्यावरून ओळखत. दवाखान्यातली एक नर्स रस्ता रिकामा असला तरी घंटी वाजवत जायची, ती घंटीवाली सिस्टर. गुरुजी होते, ते उतारावरच काय, चढावरही ब्रेक दाबून असत; ते ब्रेकवाले गुरुजी. गंजातला एक हमाल हात सोडून चालवायचा, तो नवाब. मी बेटी. आईला चाचा कधी भेटले की आई जयभीम म्हणायची, चाचा सलाम म्हणायचे, आणि मग दोघं मिळून माझ्या वाळलेल्या तब्येतीवर बोलायचे.

आणि त्यांचा अभिमान एकच. "माझ्या सायकलीतून आवाज काढून दाखव, चहा पाजतो." तो चहा कुणी कधी प्यायल्याचं मी ऐकलं नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला, की नव्या जिल्ह्यात आलेल्या सगळ्या सरकारी सामानाची मोजदाद करा, डेडस्टॉक रजिस्टरला घ्या आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर टाका. हे काम माझ्याकडं आलं. माझ्यावर देखरेखीला होते नाझर, म्हणजे ऑफिसच्या सामानसुमानाचे कारभारी. माणूस वाईट नव्हता, पण रजिस्टरात नसलेली वस्तू जगात असू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या दिवशी गेट बंद केलं. मोजणी होईपर्यंत आवारातलं काही बाहेर जायचं नाही. खुर्च्या झाल्या, कपाटं झाली, पाण्याचे माठ झाले. मग नाझर झाडाखाली आले. तिथं त्या दिवशी अकरा सायकली होत्या.

"या कुणाच्या?"

"चाचांच्या," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "कुलूप कुठंय? मालक असता तर कुलूप असतं. शिपायांना टपालासाठी सायकली येणार होत्याच उस्मानाबादेहून. ह्याच त्या. घ्या लिहून."

मी लिहून घेतल्या. एक ते अकरा. ब्रश बुडवून प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर नंबर टाकला, वर ऑफिसची अक्षरं. मला माहीत होतं त्या कुणाच्या आहेत. माझी म्हैससुद्धा त्यातच होती. तिला अकरावा नंबर मिळाला. पण प्रोबेशनला तीन महिने राहिले होते, नाझरांचा शेरा हवा होता, आणि मी मनाला सांगितलं की कागदावर काय, कागदावर विहिरीसुद्धा होतात. मी गप्प बसले.

गंमत म्हणजे चाचा खूश झाले. फुकटात नंबर पडले! "तीन नंबर कुटं हाय? सहा नंबरची हवा बघा," असं दिवसभर चाललं. लोकही नंबरानंच बोलायला लागले. मी चाचांच्या नजरेला नजर देईनाशी झाले, पण सायकली चालत होत्या, म्हणून दिवस निघाले.

मग टंचाईची कामं वाढली. गावोगावच्या विहिरी, टँकर, हापसे बघायला माणसं पाठवायची होती आणि गाडी एकच. साहेबांनी रजिस्टर मागवलं. "आपल्याकडे अकरा सायकली आहेत? आहेत तरी कुठे?" दोन दिवसांत शिपायांनी गावभर फिरून, मडगार्डवरचे नंबर वाचून, अकराच्या अकरा गोळा केल्या आणि मागच्या गोदामात कोंडल्या. दारावर नारळाएवढं कुलूप. रोज दोन बाहेर काढायच्या, बाकीच्या आत.

चाचांकडं एकूण विसेक सायकली होत्या. चांगल्या त्या ह्याच. चारही गोल ओस पडले. सिस्टर पायी, गुरुजी पायी. उरलेल्या सायकली ज्याच्या हाती लागल्या तो घरीच ठेवून घ्यायला लागला, कारण एकदा सोडली तर परत मिळायची खात्री नाही. खरं सांगायचं तर गावाचं बिनसलं ते इथं. चाचांचा धंदा बुडत होता हे होतंच, पण त्याहून जास्त, त्यांचा शब्द बुडत होता.

ते ऑफिसात आले. नाझरांनी पावत्या मागितल्या. "कशाच्या पावत्या साहेब? फ्रेम उदगीरच्या भंगारातली, चाकं नांदेडची, हँडल कुणाच्या तरी लग्नातलं. मी जोडल्या त्या." नाझर म्हणाले, "रजिस्टरात आमच्या आहेत." विषय संपला. चाचा व्हरांड्यात येऊन बसले तेव्हा मी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि म्हणाले, "चाचा, नंबर मी टाकलेत. मला माहीत असून टाकलेत."

त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "जरा बारीक टाकायचे होते. मडगार्डचा रंग गेला."

मला रडू आलं. "मी साहेबांना सांगते."

"खामोश. नोकरी जाईल तुझी. आसं कर, कागद लिही. म्या या सायकली सरकारला खुशीनं दिल्या म्हणून. आंगठा न्हाई, सही करतो मी. तुझं बी रजिस्टर खरं, माझी बी इज्जत ऱ्हाती. सायकली काय, दुसऱ्या जोडता येतेत."

दुसऱ्या जोडायला त्यांना किती वर्षं लागली असती ते मला ठाऊक होतं. तरी सांगते, लपवत नाही: त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मी कागद लिहिलासुद्धा. सहीसाठी उद्या या, असं मी चाचांना म्हणाले आणि तो कागद घरी घेऊन गेले.

आईला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता यायचं. सगळं काढून घेतलं माझ्याकडून. भाकरी थापता थापताच म्हणाली, "नोकरी लागली तवा समद्या वस्तीत साखर वाटली म्या. ती काय दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला? जाऊ दे गेली तर. रोजानं जायची सवय हाय मला, मोडली न्हाई आजून." तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. भाकऱ्या मात्र त्या दिवशी दोन जास्त वाढल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. हातात दुसरा कागद होता, माझ्या सहीचा.

साहेबांनी वाचला. "तुम्हाला त्याच वेळी माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भ्याले होते, साहेब."

"आणि आता भीती वाटत नाही?"

"वाटते. पण लाज जास्त वाटते."

साहेब चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तुमच्या एकटीच्या शब्दावर रजिस्टरला लागलेली वस्तू मी सोडू कशी? त्यांच्याकडे पुरावा काय आहे?"

पुरावा बाहेर पाण्याच्या रांगेत उभा होता. आमच्या आवारात हापसा होता. गावातल्या बऱ्याच बोअर आटल्या, पण हा धरून होता, म्हणून सकाळपासून घागरींची रांग लागायची. चाचा सहीसाठी आले होते, रांगेतल्यांनी त्यांना गाठलं, आणि साहेबांच्या दाराशी गर्दी झाली. सगळ्यात पुढं घंटीवाली सिस्टर.

"साहेब, सहा नंबर बाहेर काढा. दर फेरीला डावं पायडल खाली आलं की कट् वाजतं. न्हाई वाजलं तर तुमची सायकल."

साहेबांना आधी कळेना. मग त्यांनी गोदाम उघडायला लावलं. शिपाई सहा नंबर घेऊन झाडाभोवती फिरला. अख्खी रांग चिडीचूप. कट्. कट्. कट्. डावं पायडल खाली आलं की नेमकं.

"तीन नंबर," गुरुजी पुढं आले. "पुढचा ब्रेक पहिल्यांदा लागत नाही. दोनदा दाबावा लागतो."

"नऊचं सीट डाव्या अंगाला फिरतं," नवाब म्हणाला, "मांडीनं धरून ठिवावं लागतं."

"चारची चेन चढावर उतरती."

"दोनची घंटी नुसती शोभेची हाय."

साहेबांना बहुतेक मजा वाटायला लागली होती. ते स्वतः तीन नंबरवर बसले, आवारात एक चक्कर मारली, ब्रेक दाबला, एकदाच दाबला, आणि हापशाच्या कट्ट्यावर जाऊन आपटले. घागरी गडगडल्या. उठून धूळ झटकत म्हणाले, "सरकारी सायकलचे दोष इतके कुणाला पाठ नसतात. नाझरसाहेब, खोडा त्या नोंदी."

सगळे हसले. एकटे चाचा हसले नाहीत. प्रत्येक नंबरागणिक त्यांचं तोंड उतरत गेलं होतं. "आरं नालायकांनो," ते कळवळून म्हणाले, "इतक्या खोडी हायत, तर मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर दुरुस्तीला ठिवून घेतली आस्ती तुमी," सिस्टर म्हणाली. "आठ दिवस मी पायी. तवा गप बसले."

साहेबांनी मला आत बोलावलं. "सायकली सोडल्या. तुम्हाला सोडता येणार नाही." त्यांनी तिथल्या तिथं ठपक्याचा कागद केला, प्रोबेशन एक वर्षानं वाढलं. नोकरी राहिली. मी तो कागद घेतला तेव्हा मान खाली नव्हती, हे मला स्वच्छ आठवतं.

चाचांना सायकली मिळाल्याची पोच लिहून द्यायची होती. ते चष्मा शोधत, एकेक अक्षर कोरत सही करत बसले. गुरुजींची दुपारची शाळा होती. नवाबाला गंजात मुकादम शिव्या घालत असणार. रांगेतल्या बायाबापड्यांना भरल्या घागरी न्यायच्या होत्या. ज्यानं त्यानं एकेक सायकल काढली आणि निघाला, कुणी चाचांची परवानगी विचारली नाही. कधी विचारायचीच नसे. सही वाळेपर्यंत आवारात फक्त सहा नंबर उरली होती, आणि तिच्या कॅरिअरला सिस्टर घागर बांधत होती.

चाचा पायऱ्यांवर उभे राहून रिकाम्या झाडाखाली बघत राहिले. मला वाटलं, वाईट वाटतंय. मी म्हणाले, "एक तरी ठेवायला सांगायची होती, चाचा. तुम्ही दुकानात कसे जाणार?"

"पाय हायत की." मग एकदम माझ्याकडं वळून विचारलं, "नोकरी?"

"आहे. एक वर्ष वाढलं."

"वर्षाचं काय, जातंय." ते पायऱ्या उतरले. जेवणाची सुटी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. एक गेली, दुसरी गेली. समोरून, बाजूनं, घागरी, दप्तरं, पोती घेऊन त्यांच्या सायकली जात होत्या आणि हा माणूस धुळीतून पायी चालला होता. माझ्या आयुष्यात इतका श्रीमंत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागून घंटी वाजली. सिस्टर आली, भरल्या घागरीनं सायकल डुलत होती, आणि घंटीच्या मधून स्वच्छ ऐकू येत होतं: कट्. कट्.

चाचा जागच्या जागी थांबले. खिशात हात घातला आणि पाना काढला. "ए सिस्टर! थांब! दोन मिंटं! पायडल बघतो!"

सिस्टरनं मागं पाहिलं, पाना पाहिला, आणि जीव खाऊन पायडल मारायला सुरुवात केली. चाचा तिच्यामागं पळत सुटले. मी ठपक्याचा कागद हातात धरून भर रस्त्यात उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं.